एचटीएमएल मजकुरातून कंपोनंट: टॅग गळतो तेव्हा सोबत काय गळतं

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकायला कंटाळवाणा आहे, पण वेब अ‍ॅपवर काम करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला तो कधी ना कधी येतोच. डेटाबेसमध्ये वर्षानुवर्षांचा मजकूर एचटीएमएलच्या रूपात पडलेला असतो. कुणी वर्डप्रेसमध्ये लिहिलेला, कुणी वर्डमधून कॉपी करून एडिटरमध्ये चिकटवलेला, कुणी २००० सालच्या आसपास हाताने टाइप केलेला. आणि आपलं नवं अ‍ॅप असतं रिअ‍ॅक्टमध्ये किंवा व्ह्यूमध्ये. तिथे सगळा कारभार कंपोनंटचा. बटण हा कंपोनंट, फोटो हा कंपोनंट, तक्ता हा कंपोनंट. मग हा जुना मजकूर त्या कंपोनंटच्या साच्यात कसा बसवायचा?

मी गेले काही महिने अशाच एका कामावर आहे. एका संस्थेची शेतीविषयक माहिती आहे: पिकं, किडी, रोग, फवारणी, खतांच्या मात्रा. वाचणारे बहुतेक जण मोबाइलवर वाचतात, आणि वाचून लगेच काहीतरी करतात. म्हणजे पंपात औषध ओततात. त्यामुळे आमच्याकडे ‘थोडं इकडचं तिकडे दिसलं तर काय झालं’ असं म्हणायची सोय नाही. आजची उदाहरणं त्यातलीच आहेत.

सगळ्यात सोपा मार्ग आधी सांगते, कारण नव्वद टक्के ठिकाणी तोच वापरलेला दिसतो असं आपलं माझं निरीक्षण. एचटीएमएलची स्ट्रिंग घ्यायची आणि जशीच्या तशी पानात सोडायची. रिअ‍ॅक्टमध्ये त्यासाठी जो प्रॉप आहे त्याचं नावच मुळी डेंजरसली-सेट-इनर-एचटीएमएल असं आहे. नाव मुद्दाम भीतीदायक ठेवलंय, म्हणजे टाइप करतानाच माणसाने दोनदा विचार करावा. पण एक ओळ लिहून काम होत असेल तर दोनदा विचार कोण करतो?

यात धोका काय, ते बघू. अनेकांना वाटतं की स्क्रिप्ट टॅग काढून टाकला की झालं. गंमत अशी की इनर-एचटीएमएलमधून आत आलेला स्क्रिप्ट टॅग ब्राउझर चालवतच नाही, तसा नियमच आहे. पण चित्राच्या टॅगवर ऑन-एरर लिहिलं आणि चित्राचा पत्ता चुकीचा दिला, तर तो कोड चालतो. आणि तुमचं पान सर्व्हरवर तयार होऊन येत असेल, तर स्क्रिप्टसुद्धा चालते, कारण ब्राउझरच्या दृष्टीने ते पहिल्यापासून पानातच होतं.

यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे २००५ च्या ऑक्टोबरमधला मायस्पेसवरचा सॅमी वर्म. सॅमी कामकार या तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये असा मजकूर टाकला की जो कुणी ती प्रोफाइल बघेल त्याच्या खात्यातून सॅमीला मैत्रीची विनंती जाईल, आणि तोच मजकूर बघणाऱ्याच्या प्रोफाइलमध्येही चिकटेल. वीसेक तासांत दहा लाखांवर खाती त्यात सापडली. मायस्पेस स्क्रिप्ट टॅग गाळत होतं, ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्दही गाळत होतं. सॅमीने तो शब्द मधेच ओळ तोडून दोन तुकड्यांत लिहिला आणि स्टाइलच्या आत घातला. गाळणीला तो दिसला नाही, त्या काळच्या काही ब्राउझरना मात्र बरोबर समजला.

मला यातून महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. वाईट काय ते शोधून काढत बसलात, तर वाईट लिहायच्या नव्या पद्धती संपत नाहीत. त्यापेक्षा चांगलं काय ते ठरवायचं आणि तेवढंच आत घ्यायचं. डॉमप्युरिफायसारख्या लायब्ररी याच तत्त्वावर चालतात. आणि एचटीएमएलचं कंपोनंटमध्ये रूपांतर करणं हे त्याच्या एक पाऊल पुढे जातं, कारण तिथे मूळ टॅग पानात जातच नाही. मी तो वाचते, आणि माझ्या बाजूने नवा कंपोनंट बनवते. त्या कंपोनंटला कुठली माहिती द्यायची ते मी एकेक निवडते. ऑन-एरर मी कधी निवडणारच नाही, मग तो येणार कुठून? लिंकच्या बाबतीत तेवढं बघावं लागतं की पत्ता एचटीटीपी, एचटीटीपीएस, मेल-टू किंवा टेल यापैकीच कशाने तरी सुरू होतोय. बाकी काही असेल तर लिंक न बनवता नुसता मजकूर ठेवायचा.

तर आता प्रत्यक्ष काम. पहिली पायरी पार्सिंग. इथे रेग्युलर एक्स्प्रेशन वापरायचा मोह होतो. तो आवरा. स्टॅक ओव्हरफ्लोवर २००९ सालचं एक गाजलेलं उत्तर आहे याच विषयावर, त्यात लिहिणाऱ्याचा तोल वाक्यागणिक ढळत जातो. विनोद म्हणून वाचा, पण म्हणणं खरं आहे. एचटीएमएल हे झाड आहे. एका टॅगमध्ये दुसरा, दुसऱ्यात तिसरा, किती खोल जाईल त्याला मर्यादा नाही. शिवाय लोक टॅग बंद करत नाहीत, उलटसुलट क्रमाने बंद करतात, तक्त्यात कुठेही मजकूर टाकतात. अशा प्रत्येक चुकीच्या वेळी ब्राउझरने नेमकं काय करायचं हे एचटीएमएलच्या प्रमाणात पायरीपायरीने लिहून ठेवलंय. म्हणून तर वाईटात वाईट एचटीएमएलसुद्धा सगळ्या ब्राउझरमध्ये सारखंच दिसतं.

पण सगळे पार्सर ते प्रमाण पाळत नाहीत. पार्सफाइव्ह पाळतो. एचटीएमएल-पार्सर-टू वेगासाठी सूट घेतो. साधं उदाहरण: तक्त्यात टेबल टॅगच्या आत थेट टीआर लिहिला, तर ब्राउझर मधे टी-बॉडी स्वतःहून घालतो. एचटीएमएल-पार्सर-टू घालत नाही. आता एचटीएमएल-रिअ‍ॅक्ट-पार्सर ही लोकप्रिय लायब्ररी सर्व्हरवर असताना एचटीएमएल-पार्सर-टू वापरते आणि ब्राउझरमध्ये असताना ब्राउझरचाच पार्सर. म्हणजे एकाच मजकुराची दोन ठिकाणी दोन वेगळी झाडं होऊ शकतात. आम्ही म्हणून पार्सिंग फक्त एकाच जागी करायचं ठरवलं. मजकूर डेटाबेसमध्ये जतन होताना सर्व्हरवर पार्सफाइव्ह चालतो, त्यातून आमच्या स्वतःच्या नोडची जेसन तयार होते, आणि ब्राउझरला फक्त ती मिळते. पार्सरचं वजनही मग वाचणाऱ्याच्या मोबाइलवर पडत नाही.

दुसरी पायरी: झाड वरून खाली चालायचं आणि प्रत्येक नोडला कंपोनंट द्यायचा. वाचून वाटेल की यात काय, एक यादी करायची. पी आला की परिच्छेद, ए आला की लिंक, आयएमजी आला की फोटो. यादी खरंच सोपी आहे. यादीत नसलेला टॅग आला की काय करायचं, हा खरा प्रश्न.

इथे तीन पर्याय असतात. टॅग आणि त्याच्या आतलं सगळं टाकून द्यायचं, टॅग टाकून आतला मजकूर ठेवायचा, किंवा थांबून ओरडायचं. स्क्रिप्ट आणि स्टाइलसाठी पहिला पर्याय ठीक. बाकी सगळीकडे लोक दुसरा पर्याय घेतात, आणि तो सभ्य वाटतो. मजकूर तर राहिला ना, मग?

या संस्थेचं आमच्या आधी कुणीतरी बनवलेलं एक अ‍ॅप होतं. त्यात ट्रायकोडर्माचं पान होतं. ट्रायकोडर्मा म्हणजे बीजप्रक्रियेला किंवा मातीत वापरतात ती उपयोगी बुरशी. पाकिटावर तिची ताकद लिहिलेली असते, एका ग्रॅममध्ये किती जिवंत बीजकण आहेत ती. दोन गुणिले दहाचा सहावा घात, म्हणजे वीस लाख. मूळ एचटीएमएलमध्ये तो ‘सहा’ एसयूपी टॅगमध्ये होता, म्हणजे वर चढवलेला. त्या जुन्या अ‍ॅपच्या यादीत एसयूपी नव्हता. टॅग गेला, मजकूर राहिला. पानावर दिसत होतं: २ × १०६. आमचे संपादक सर ते बघून मला म्हणाले, ‘अगं, हे दोन गुणिले एकशे सहा काय आहे? दोनशे बारा बीजकण? एवढ्यात काय होणार आहे?’

ते हसत होते, पण यातली तांत्रिक बाजू बघा. इंग्रजी आकड्यांना युनिकोडमध्ये वर चढलेली स्वतंत्र रूपं आहेत, त्यामुळे इंग्रजी मजकुरात टॅगशिवायही घात लिहिता येतो. देवनागरी सहाला तशी सोय नाही. सामवेदाच्या स्वरखुणांसाठी अक्षरावर बसणारे देवनागरी आकडे युनिकोडमध्ये आहेत, पण ते या कामाचे नाहीत. म्हणजे देवनागरीत घात लिहायचा तर तो टॅगमध्येच राहतो. टॅग गेला की संख्या बदलली. एसयूबीचंही तेच, डीईएलचंही तेच. खोडलेली मात्रा डीईएलमध्ये असते आणि तिच्या शेजारी नवी. टॅग गेला तर जुनी मात्रा आणि नवी मात्रा शेजारी शेजारी, दोन्ही खऱ्या असल्यासारख्या.

म्हणून आम्ही तिसरा पर्याय घेतला. यादीत नसलेला टॅग आला की तो लेख प्रसिद्धच होत नाही, संपादकांच्या रांगेत जातो. सुरुवातीला रांग लांबलचक झाली. पण आधी सगळ्या मजकुराची एकदा टॅगगणना करून घेतली तर ती चटकन आटोक्यात येते. कुठला टॅग, कुठल्या अ‍ॅट्रिब्यूटसह, किती वेळा, कुठल्या लेखात. वीस ओळींचा प्रोग्रॅम आहे. यादी लिहायच्या आधी हे करा, कारण आपल्याला माहीत असलेलं एचटीएमएल आणि डेटाबेसमधलं एचटीएमएल यांची फारशी ओळख नसते.

अ‍ॅट्रिब्यूटवरून आठवलं. स्टाइल हे अ‍ॅट्रिब्यूट सरसकट फेकून द्यावंसं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते योग्यही असतं. वर्डमधून आलेल्या मजकुरात एमएसओ ने सुरू होणारा इतका कचरा असतो की विचारू नका. पण आपल्याकडे कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालचा, मग निळा, मग हिरवा. आमच्या जुन्या तक्त्यांत काही जणांनी औषधाच्या नावामागे तोच रंग भरला होता, स्टाइलमधून किंवा बीजी-कलरमधून. शब्दांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. रंग फेकला की धोक्याची खूण फेकली. आम्ही ते चार रंग ओळखून त्यांच्या जागी एक वेगळा कंपोनंट ठेवला. तो रंगही दाखवतो आणि ‘अत्यंत विषारी’ असं लिहूनही दाखवतो, म्हणजे रंग न ओळखणाऱ्यालाही कळतं आणि स्क्रीन रीडरलाही वाचता येतं. अर्थात रंग बरोबर भरलाय का, हे प्रत्येक ठिकाणी सरांच्या टीमने तपासलं. ते काम कोडचं नाही.

आता एक निव्वळ तांत्रिक भानगड, पण सगळ्यांना सापडते म्हणून सांगते. जुन्या एडिटरमध्ये फोटो परिच्छेदाच्या आत असतो: पी टॅग, त्यात आयएमजी. आपण आयएमजीच्या जागी छान कंपोनंट देतो, फोटो आणि खाली ओळ, म्हणजे फिगर टॅग. झालं काय, पी च्या आत फिगर. एचटीएमएलच्या नियमाने पी मध्ये फिगर चालत नाही. सर्व्हरवरून आलेली स्ट्रिंग ब्राउझर वाचतो, फिगर दिसताच पी तिथेच बंद करतो, आणि शेवटी उरलेल्या बंद-पी पासून एक रिकामा परिच्छेद तयार करतो. मग रिअ‍ॅक्ट येऊन आपलं झाड आणि पानातलं झाड जुळवायला जातो, ते जुळत नाही, आणि कन्सोलमध्ये हायड्रेशनची लाल अक्षरं. रिअ‍ॅक्ट १८ पासून तर असं झालं की तो सर्व्हरचा तेवढा भाग टाकून ब्राउझरमध्ये पुन्हा बनवतो. साध्या मोबाइलवर तो झटका जाणवतो.

उपाय फोटोच्या पातळीवर नाही, परिच्छेदाच्या पातळीवर आहे. पी नोडपाशी आलात की आधी त्याची मुलं बघा. एकटा फोटोच असेल, आजूबाजूला फक्त मोकळी जागा, तर पी च्याच जागी फोटोचा कंपोनंट द्या. फोटो मजकुराच्या मधे असेल, तर परिच्छेदाचे दोन तुकडे करून मधे फोटो ठेवा. आणि फोटोची लांबी-रुंदी रूपांतराच्या वेळीच फाइलमधून वाचून ठेवा, म्हणजे फोटो येईपर्यंत ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. गूगल ज्याला लेआउट शिफ्ट म्हणतं ते ०.१ च्या आत ठेवायचं असेल तर एवढं करावंच लागतं.

लिंकचं पटकन सांगते. आतली लिंक राउटरकडे, बाहेरची साध्या ए कडे, पीडीएफ कधीही राउटरकडे नाही. जुन्या डोमेनचे पत्ते बदलून घ्या. झालं.

तक्त्यावर मात्र थांबायला हवं.

मोबाइलवर तक्ता बसत नाही, हे खरं. मग डिझायनर म्हणतात की प्रत्येक ओळीचं एक कार्ड करू. सुंदर दिसतं. आता आमच्या फवारणीच्या तक्त्याची रचना ऐका. पहिल्या स्तंभात कीड: मावा, तुडतुडे वगैरे. दुसऱ्यात औषध. तिसऱ्यात मात्रा. चौथ्यात काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची. एका किडीवर तीन औषधं असतात, म्हणून किडीचा रकाना रो-स्पॅन तीनने तीन ओळींवर पसरलेला. एचटीएमएलमध्ये पहिल्या ओळीत चार टीडी असतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत तीनच.

साधा कोड काय करतो? प्रत्येक टीआर घेतो, त्यातले टीडी मोजतो, आणि पहिल्याला पहिल्या स्तंभाचं शीर्षक, दुसऱ्याला दुसऱ्याचं, असं लावत जातो. पहिलं कार्ड बरोबर येतं. दुसऱ्या कार्डावर: ‘कीड’ समोर औषधाचं नाव. ‘औषध’ समोर मात्रा. आणि ‘मात्रा’ समोर दिवसांची संख्या. सात दिवस आधी फवारणी थांबवा असं जे होतं, ते झालं मात्रा: ७. पहिलं कार्ड बरोबर असल्यामुळे घाईत तपासणाऱ्याचा विश्वास बसतो, हा यातला खरा त्रास.

याला उत्तर जुनंच आहे, ब्राउझर स्वतः जे करतो तेच. आधी रिकामी जाळी करायची, ओळी आणि स्तंभांची. प्रत्येक टीडी घेताना जाळीत पुढची मोकळी जागा शोधायची, आणि त्याचा रो-स्पॅन, कोल-स्पॅन जेवढा असेल तेवढे सगळे चौकोन त्याच टीडीने भरून टाकायचे. म्हणजे ‘मावा’ तिन्ही ओळींच्या पहिल्या चौकोनात जाऊन बसतो. आता जाळीवरून कार्ड बनवा, प्रत्येक कार्डावर किडीचं नाव येईल. एचटीएमएलच्या प्रमाणात तक्ता कसा घडवायचा याची कृती लिहिलेलीच आहे, ती वाचून काढा. शीर्षकातही कोल-स्पॅन असतो हे विसरू नका. ‘मात्रा’ या शीर्षकाखाली ‘हातपंप’ आणि ‘पॉवर पंप’ असे दोन स्तंभ असतात, आणि दोन्हींची मात्रा वेगळी असते.

एवढं करूनही आम्ही शेवटी कार्डं सगळीकडे वापरली नाहीत. तक्ता साधा असेल, एकच शीर्षकाची ओळ, कोल-स्पॅन नाही, तरच कार्ड. नाहीतर तक्ता तक्ताच राहतो, फक्त आडवा सरकणाऱ्या चौकटीत. त्या चौकटीला कीबोर्डने पोचता यायला हवं आणि तिला नाव हवं, एवढं बघितलं. डिझायनर थोडे हिरमुसले. पण दोन औषधांची तुलना करायची तर माणसाला तक्ताच लागतो, कार्डं वरखाली करत कोण बसणार.

आता खास आपल्या भाषेच्या भानगडी. या इंग्रजी ट्युटोरियलमध्ये तुम्हाला मिळणार नाहीत.

पहिली, शीर्षकांचे पत्ते. एच-टू आला की त्याच्या मजकुरातून आयडी बनवायचा, म्हणजे अनुक्रमणिकेतून थेट तिथे जाता येतं. नेहमीचा कोड असतो: अक्षरं आणि आकडे सोडून सगळं काढा. जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतो, त्यामुळे मराठी शीर्षकाचा आयडी पूर्ण रिकामा येतो. हे निदान लगेच लक्षात येतं. मग कुणीतरी सुधारणा करतो: युनिकोडमधला ‘लेटर’ हा गट वापरू. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार हे युनिकोडच्या हिशेबाने ‘लेटर’ नाहीत, ‘मार्क’ आहेत. ते सगळे गळतात. तूर, मूग आणि पाणी अशी तीन शीर्षकं असतील तर त्यांचे आयडी येतात: तर, मग, पण. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा खूप हसले. पण ‘मूग’ आणि ‘माग’ दोन्हींचा ‘मग’ होतो, आणि अनुक्रमणिका भलतीकडेच नेते. तेव्हा ‘लेटर’ च्या जोडीला ‘मार्क’ आणि आकडे, तिन्ही गट ठेवा.

दुसरी भानगड, न दिसणारी अक्षरं. वर्डमधून आलेल्या मजकुरात शून्य रुंदीची अक्षरं असतात, आणि इंटरनेटवर त्यांना काढून टाकणारी एक तयार ओळ सगळे एकमेकांकडून उचलतात. त्या ओळीच्या टप्प्यात झीरो विड्थ जॉइनरही येतो. इंग्रजीत तो कचरा असेलही. मराठीत ‘शेतकऱ्यांना’ मधला जो आडवा, पापणीसारखा र आहे, तो लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकात खाली नुक्ता असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि हा जॉइनर. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या मजकुरातून जॉइनर काढला की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. शेतकऱ्यांना चं शेतकर्यांना होतं. शेतकऱ्यांसाठीच्या साइटवर, जवळजवळ प्रत्येक पानावर! आणि आपलं शाळेतलं उदाहरण आहेच, आचाऱ्यांना जेवण करायला सांगायचं ते आचार्यांना सांगितलं जातं. आमच्याकडे नियम असा: जॉइनर काढायचा नाही. शक्य असेल तिथे दोन्ही पद्धती एकाच पद्धतीत आणायच्या, म्हणजे शोध घेताना ‘शेतकऱ्यांना’ एकदा सापडतो आणि एकदा नाही, असं होत नाही.

तिसरी, लँग हे अ‍ॅट्रिब्यूट. गाळणीत ते सहज जातं, कारण त्याने काही दिसत नाही असं वाटतं. पण काही देवनागरी फॉन्टमध्ये मराठीसाठी ल आणि श ची वेगळी वळणं दिलेली असतात, आणि लँगची किंमत एमआर असेल तरच ब्राउझर ती वापरतो. लँग गेलं की हिंदी वळणाचा ल. स्क्रीन रीडरही कुठल्या भाषेत वाचायचं ते तिथूनच ठरवतो.

आणि चौथी, जी मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडली. युनिकोड रुळायच्या आधी मराठी मजकूर शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये लिहिला जायचा. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वर फॉन्ट मराठीचा मुखवटा चढवणार. अशा जुन्या पानात हा मजकूर मराठी आहे हे सांगणारी एकच खूण असते: फॉन्ट टॅगमधलं फेस हे अ‍ॅट्रिब्यूट. फॉन्ट टॅग कालबाह्य, त्यामुळे प्रत्येक गाळणी त्याला सगळ्यात आधी काढते. मग उरतात ती निरर्थक इंग्रजी अक्षरं, आणि पुढचा माणूस समजतो की डेटा खराब झालाय. म्हणून फॉन्ट नोडपाशी आधी फेस वाचायचा, नाव ओळखीचं असेल तर आतल्या मजकुराला त्या फॉन्टच्या रूपांतरकातून न्यायचं, आणि मगच टॅग सोडायचा. यात क्रमही महत्त्वाचा. या फॉन्टमध्ये काही मराठी अक्षरं ‘पेक्षा लहान’ किंवा ‘अँड’ अशा चिन्हांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून एचटीएमएलच्या कच्च्या स्ट्रिंगवर रूपांतरक चालवलात तर टॅगचे कंससुद्धा मराठी होतील. आधी पार्स, मग प्रत्येक मजकूर-नोडवर रूपांतर. आणि त्यानंतर माणसाने वाचायचं. जोडाक्षरांत आणि पहिल्या वेलांटीत हे रूपांतरक अजूनही अडखळतात.

शेवटचं, तपासणी. ‘एवढे लेख बदलले, बरोबर बदलले हे कशावरून?’ असा प्रश्न मागच्या भागानंतर आला होता. सोपी चाचणी अशी की जुन्या एचटीएमएलमधला नुसता मजकूर आणि नव्या कंपोनंटमधला नुसता मजकूर, मोकळ्या जागा सारख्या करून, जुळतो का ते बघायचं. ती आम्ही प्रत्येक लेखावर चालवतो. जिथे मुद्दाम काही वाढवलंय, म्हणजे विषारीपणाचा शब्द किंवा कार्डावर पुन्हा आलेलं किडीचं नाव, तेवढं वगळून. जुन्या फॉन्टचे लेख या चाचणीत जुळणारच नाहीत, ते वेगळे ठेवले आहेत.

पण ही चाचणी ट्रायकोडर्माच्या पानाला पास करते! मजकूर आधीही १०६, नंतरही १०६. फरक होता तो टॅगमध्ये. म्हणून तिच्या जोडीला दुसरी चाचणी लागते: अर्थ बदलणाऱ्या टॅगची मोजणी. एसयूपी, एसयूबी, डीईएल, टीएच, रो-स्पॅन, कोल-स्पॅन, लँग. जुन्यात जेवढे, तेवढ्यांचा हिशेब नव्यात लागला पाहिजे. आणि तिसरी गोष्ट, ज्या लेखात मात्रा आहे असा प्रत्येक लेख कृषी पदवीधर माणूस जुना आणि नवा शेजारी ठेवून वाचतो. सरांच्या टीमचं ते काम अजून चालू आहे. कापूस आणि सोयाबीन झालंय, सध्या डाळिंबावर आहेत.